राक्षस खिंडीत नको, बारवेत बसवा

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून गोष्ट रचायच्या खेळात पहिल्यांदा डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा, म्हणून बसलो तेव्हा दोन डोंगरांमधल्या खिंडीत मी एक राक्षस उभा केला होता. तीन डोळे, हातात घण, मागे हाडांचा ढीग. आठवडाभर त्याचं बोलणं घोकलं होतं. रविवारी पोरं जमली, खिंडीपाशी आली, राक्षस गरजला. समोरच्यानं कडक भाकरीचा तुकडा मोडत विचारलं, "हा डोंगर केवढाय?" मी बेसावधपणे सांगून बसलो, "असेल पाच-सहा किलोमीटर."

"मग वळसा घालून जाऊ की बे! थांबू दे त्याला तिथंच."

गेले. तो राक्षस अजून तिथंच उभा आहे.

चूक त्यांची नव्हती. सोलापूरच्या माणसाला खिंडीचा धाक कसा वाटणार? मोहोळकडे निघा, अक्कलकोटकडे निघा, नाहीतर मंगळवेढ्याकडे, सगळा माळच. एक रस्ता बंद असेल तर बांधावरून दुसरा निघतो. आपल्याला डोंगरानं कधी अडवलेलं नाही, अडवलं ते पाण्यानं. 'आज पाण्याचा दिवस आहे' म्हणून लग्नाला न जाणारी माणसं आपण. हे डोक्यात शिरायला मला तीन-चार फसलेले रविवार लागले. तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

ज्यांना खेळच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण सतरंजीवर बसतात. एक जण डीएम, तो जग सांगतो. बाकीचे एकेक पात्र चालवतात. जमेल की नाही असा प्रश्न आला की फासा टाकायचा. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढला, तिथून या प्रकाराला सुरुवात झाली. खाली नियमांचे जे आकडे देतोय ते त्याच्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीतले. वीस बाजूंचा फासा नसेल तर अडू नका. १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या करा आणि शेंगाचटणीच्या रिकाम्या बरणीत टाका. काढलेली चिठ्ठी दर वेळी परत टाकायची एवढंच लक्षात ठेवा. आमच्याकडे एकानं वीसची चिठ्ठी महिनाभर बाहीत ठेवली होती. सहा बाजूंचे फासे ल्युडोचे चालतात.

पायरी पहिली: वाट मोजा, आणि एकदा तरी पायांनी मोजा

नवा डीएम कागदावर एक रेघ मारतो आणि म्हणतो, 'तुम्ही तीन दिवस चाललात.' तीन दिवस म्हणजे किती, हे त्याच्या पायांना ठाऊक नसतं. त्यावर उपाय आपल्या दारात आहे. कोजागरीच्या सुमाराला सोलापुरातून तुळजापूरला हजारो लोक रात्रीचे चालत जातात, साधारण ४५ किलोमीटर. एकदा जाऊन या. हिप्परग्याच्या तलावापर्यंत सगळे गप्पा मारत असतात. तामलवाडी गेली की गप्पा थांबतात, पोटऱ्या भरून येतात. तुळजापूरच्या घाटात तर पुढच्या माणसाच्या टाचांशिवाय काही दिसत नाही. मी गेलो तेव्हा शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये 'किती राहिलं' असं कोणी विचारत नव्हतं. 'पुढं चहा कुठं, पाणी कुठं' एवढंच चाललं होतं. वाट रंगवायला याच्या पलीकडे काही लागत नाही.

आता नियम बघा. साध्या चालीनं पात्रं तासाला ३ मैल आणि दिवसाचे ८ तास चालतात, म्हणजे २४ मैल. आपल्या हिशेबात साडेअडतीस किलोमीटर. आठ तासांच्या वर चालायचं तर दर जादा तासाला कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे पात्राच्या दमाचा, फासा टाकावा लागतो, पहिल्या तासाला ११ हवेत, दुसऱ्याला १२, असं चढत जातं. चुकला की थकव्याची एक पातळी. तुळजापूरची ४५ किलोमीटर वाट साध्या चालीनं सव्वानऊ तासांच्या वर जाते. म्हणजे ज्यांनी हे नियम केले त्यांनाही आपल्या पोटऱ्या कुठं भरतात ते बरोबर माहीत होतं.

माझी जी वाट इथं उदाहरणाला घेतोय ती साध्या चालीनं तीन दिवसांची, ११६ किलोमीटर. हंगाम फाल्गुन. दुपार तापलेली, पण पहाटे अजून चादर लागते. हंगाम आधी ठरवा, पुढे तो फार उपयोगी पडणार आहे.

पायरी दुसरी: पाण्याचं वजन करा

इथं बहुतेक जण आळस करतात आणि इथंच वाट मरते. नियमाप्रमाणे माणसाला दिवसाला एक गॅलन पाणी लागतं, उन्हाळी हवेत दोन. दोन गॅलन म्हणजे साडेसात लिटर, तेवढेच किलो. तीन दिवसांचं धरलं तर माणशी जवळजवळ २३ किलो नुसतं पाणी. घरातली वीस लिटरची जारची बाटली उचलून जिना चढून बघा, मग खेळाडूंना 'तुम्ही पाणी घेतलं' असं एका वाक्यात सांगावंसं वाटणार नाही.

ओझ्याचा एक ऐच्छिक नियम आहे, तो मी या वाटेवर लावतोच. ताकदीच्या पाचपट पौंडांच्या वर ओझं गेलं की चाल मंदावते. ताकद १० असलेल्या पात्राची मर्यादा ५० पौंड, आणि तीन दिवसांचं पाणी भरतंही ५० पौंडच. पहिली भाकरी पिशवीत टाकली की मर्यादा ओलांडली. तलवार, चिलखत, दोर हे सगळं अजून बाहेरच आहे.

मग खेळाडू म्हणतात, जनावर घेऊ. घेऊ द्या. रेडा आणि त्याच्यावर पखाल. हा सौदा गावातच अर्धा तास रंगवा, सोलापूरच्या पोरांना घासाघीस करायला द्यायची आणि गप्प बसून ऐकायचं. पण रेडाही पाणी पितो, तोही दमतो, त्यालाही वास येतो. आमच्यात 'दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला' ही म्हण अक्षरशः घडली. रेडा लंगडत होता आणि पोरं पखाल कुठं गळते ते तपासत बसली होती.

पायरी तिसरी: अडवायची जागा

सपाट माळावर वाट अडत नाही, पाणी अडतं. म्हणून माझ्या वाटेवर दुसऱ्या दिवसाच्या शेवटी, ७७व्या किलोमीटरवर, एक बारव आहे. आधीच्या दोन्ही विहिरी आटलेल्या. बारवेतून पाणी भरता आलं तर निघताना माणशी पंधरा किलो पुरतं; नाही भरता आलं तर तेवीस. राक्षस टाळता येतो, पण त्याची किंमत निघण्याआधी खांद्यावर येते. हाच तो बदल. खिंडीतला राक्षस टाळणं फुकट होतं.

बारव काढायला सोपी आणि खेळायला अप्रतिम. एकाच बाजूनं उतरणाऱ्या पायऱ्या, मध्ये एक चौथरा, भिंतीत देवळ्या, खाली चौकोनी पाणी. वर जायलाही त्याच पायऱ्या. दोघं शेजारी शेजारी उतरू शकतील एवढीच रुंदी ठेवा, घागर भरणारा वाकलेला असतो हे विसरू नका. मी नकाशा आलेखाच्या कागदावर काढतो. आमच्या एका दोस्ताच्या घरी चादरीच्या नक्षीसाठी जॅकार्डचे आलेख कागद पडून असत, बारीक चौकटींचे, कोपऱ्यात अर्धवट रंगवलेला मोर. त्या मोराच्या शेपटाखाली आमची पहिली बारव आहे. एक चौकट म्हणजे पाच फूट धरलं की झालं.

पाणी कमी नसून जास्त असलेली वाट हवी असेल तर नळदुर्ग बघून या. किल्ल्यात बोरी नदीवर बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नदी डोक्यावरून वाहते आणि तुम्ही खिडकीतून पडत्या पाण्याच्या आत उभे असता. तिथं राखणदार कुठं बसवायचा ते मी सांगायची गरज पडणार नाही.

पायरी चौथी: राखणदार इथंच का?

या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता आलं नाही तर राक्षस बदला. 'दुष्ट आहे म्हणून' हे उत्तर नाही. तो काय खातो, कधी झोपतो, दुसरीकडे का जात नाही?

माझ्या बारवेत घोणस आहे. चाळीस फुटी, पण स्वभावानं आपल्या शेतात असते तीच. घोणस भक्ष्यामागे धावत नाही, एका जागी पडून वाट बघते. आणि कोरड्या मुलखात भक्ष्य आपल्या पायांनी चालत कुठं येतं? पाण्यावर. झालं उत्तर. तिला कोणी शाप दिलेला नाही, सोन्याचा हंडाही राखायचा नाही. ती फक्त शहाणी आहे.

खऱ्या जनावराचा आधार घेतला की बाकीचं आपोआप सुचतं. सापाचं रक्त थंड, म्हणून फाल्गुनातल्या गार पहाटे ती सुस्त. त्याला जमिनीची थरथर जाणवते, म्हणून धावणाऱ्याची चाहूल आधी लागते. पोटभर खाल्लं की कित्येक दिवस पुन्हा खावं लागत नाही. डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा लांबलचक फुत्कार सोडते. टेबलावर हा आवाज तोंडानं काढा. आमच्याकडे एकदा नेमका तेव्हाच स्वयंपाकघरातला कुकर वाजला आणि दोघांनी न सांगता फासा टाकला.

आकडे नव्यानं बांधत बसू नका. नियमांतल्या महाकाय अजगराचे घ्या, एसी १२ (वार लागायला फाशावर एवढे हवेत) आणि हिट पॉइंट ६० (एवढी इजा झाली की संपली). त्याची विळखा घालण्याची चाल काढून टाका आणि महाकाय विषारी सापाचं विष जोडा, म्हणजे कॉन्स्टिट्यूशनला ११ हवेत, नाहीतर सहा बाजूंच्या तीन फाशांची इजा. पहिल्या पातळीच्या चार पात्रांना ही झुंज जड जाते. जायलाच हवी.

पायरी पाचवी: आधी दाखवू नका, कळू द्या

राक्षस एकदम समोर आणला तर खेळाडू फक्त तलवार काढतात, त्यांना दुसरं काही सुचायला वेळच मिळत नाही. बारव दिसण्याआधी तीन खुणा पेरा, प्रत्येक वेगळ्या प्रकारची. माझ्या अशा:

आदल्या संध्याकाळी बाभळीला अडकलेली कात. पांढुरकी, कागदासारखी, वाऱ्यावर कुरकुरणारी. एकानं हात लावला तर ती एवढी रुंद की सोलापुरी चादरीसारखी अंगावर पांघरता येईल. मग पहाटे पाणी जवळ आल्याचा गारवा लागतो, पण बेडूक एकही ओरडत नाही. आणि बारवेच्या काठावर शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा, पाच-सहा, एकाच जागी, लेंड्या मात्र कुठंच नाहीत.

तिन्ही खुणा फासा न टाकता सांगा. महत्त्वाची माहिती फाशामागे लपवली आणि सगळ्यांचा फासा पडला तर तुमचा अख्खा रविवार पडतो.

पायरी सहावी: पलीकडे जायच्या वाटा

किमान तीन हव्यात, आणि खेळाडू चौथी काढतील ती मान्य करायची तयारी हवी.

लढणं ही एक. ती सगळ्यांनाच सुचते, तिच्यावर वेळ घालवत नाही.

चोरपावलांनी जाणं ही दुसरी, आणि इथं हंगाम कामाला येतो. पहाटे, अनवाणी, एकेक करून उतरायचं. संथ चालीनं गेलं तरच लपून जाता येतं असा नियमच आहे, पण संथ चालीत दिवसाला १८ मैलच, म्हणजे २९ किलोमीटर होतात. सगळी वाट संथ चालली तर तीनाचे चार दिवस होतात आणि चौथ्या दिवसाचं पाणी कोण उचलणार? हा हिशेब पोरांना स्वतः करू द्या. आमच्याकडे या एका प्रश्नावर वीस मिनिटं भांडण झालं, आणि तो आमचा सगळ्यात चांगला सेशन होता.

तिसरी, पोट भरून जाणं. शेळी, नाहीतर तो लंगडा रेडा. रेडा आत ढकलायचा ठरलं तेव्हा त्याला दोन दिवस ओंजळीनं पाणी पाजणारा गडी उठून गॅलरीत गेला. असं झालं तर थांबा, चहा ठेवा.

हे 'देऊन जाणं' आपल्याकडे नवीन नाही, म्हणून सांगतो. तुळजाभवानीनं महिषासुराला मारलं ही कथा सगळ्यांना पाठ आहे. पण शेताच्या बांधावर, वेशीबाहेर शेंदूर फासलेला म्हसोबाही आपलाच, आणि म्हसोबाचं नातं त्याच महिषाशी असल्याचं इतिहासकार दा. ध. कोसंबींनी दाखवलंय. म्हणजे एकाच रेड्याला आपण मारलंही आणि हद्दीवर बसवून मानही दिला. परदेशी पद्धतीचे राखणदार बहुधा मरण्यासाठीच उभे असतात. आपला राखणदार मान मागतो, आणि मान दिला की वाट सोडतो. तुमच्या वाटेवर घोणस नको असेल तर असा मान मागणारा कोणीतरी बसवा आणि तो काय मागतो त्यावर डोकं चालवा. नारळ सोपा आहे. निघताना घरच्यांना काय सांगून आलात ते खरं सांगा, असं मागितलं तर?

पायरी सातवी: उरलेली वाट

बारव सोडून बाकीच्या तीन दिवसांत काय करायचं? दिवसाला एकदा आणि रात्री एकदा सहा बाजूंचा फासा टाका, १ पडला तरच काही घडतं. सहा वेळा टाकून एकदा तरी १ पडण्याची शक्यता सुमारे ६७ टक्के. म्हणजे कधी काहीच होणार नाही आणि ते ठीक आहे. रिकामा माळही भीती घालतो.

काय घडतं ते दोन फाशांच्या बेरजेनं ठरवा. दोन फाशांत ७ सगळ्यात जास्त येतात, छत्तीसात सहा वेळा, तर २ आणि १२ छत्तीसात एकेकदाच. म्हणून ७वर नेहमीचं ठेवा. माझ्याकडे मेंढरं घेऊन चाललेला धनगर आहे, तो बारवेबद्दल अर्धं खरं सांगतो. ६ आणि ८वर लांडगे. नान्नजच्या माळरानावर मोठं भाग्य असेल तर दिसतात तसे, अंगावर न येणारे, दूरून संध्याकाळभर बरोबर चालणारे. हल्ला करू नका त्यांच्याकडून. नुसतं चालू द्या. मधले आकडे तुम्ही भरा.

१२वर चकवा. हा मात्र जपून खेळवा. कोणाला 'तुम्हाला चकवा लागला' असं सांगायचं नाही. मी फक्त म्हटलं, डाव्या हाताला एक बाभूळ आहे, फांदीला लाल फडक्याची चिंधी. चालत राहिले. तासाभरानं म्हटलं, डाव्या हाताला बाभूळ, फांदीला चिंधी. कोणी लक्ष दिलं नाही, एक जण मोबाईल बघत होता. तिसऱ्यांदा 'डाव्या हाताला' एवढंच म्हटलं आणि सतरंजीवरून आवाज आला, "ते तेच झाड हाय बे!" त्यानंतर पाच मिनिटं कोणी मोबाईल हातात घेतला नाही. सुटका जुनीच ठेवा, जागीच बसून राहायचं, उजाडेपर्यंत. आणि बसून राहण्यात पाणी संपतं, हे आता त्यांना सांगावं लागणार नाही.

घोणस मारली गेली तर दोन गोष्टी वहीत लिहून ठेवा. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, एका वेतात वीस-तीसही. तेव्हा जेठात ही वाट पुन्हा वापरणाऱ्यांना पायाखाली बघून चालावं लागेल. आणि राखणदार गेल्याचं कळलं की आसपासचे सगळे कळप, सगळे तांडे त्या पाण्यावर येणार. आमच्या वाटेवर दोन महिन्यांत पाणी अकरा पायऱ्या खाली गेलं. म्हणून नकाशा पेन्सिलीनं काढा, पेनानं नको. मोराच्या शेपटाखालची ती बारव मी पेनानं काढली होती, आणि आता तिच्यात पाण्याच्या चार रेघा आहेत, एकीखाली एक.